स्लीव्हनंतर कोशिंबीर कधी? आधी ताटाची उजवी बाजू जमू दे

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात परत सांगते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. स्लीव्ह (वजन उतरवायला जठर लहान करायचं ऑपरेशन) होऊन ७ आठवडे झाले, रविवारी सगळ्यांबरोबर जेवायला बसलात, किसलेल्या गाजराच्या कोशिंबिरीचे दोन-तीन घास खाल्ले आणि छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखं झालं, तोंडात फेसाळ लाळ यायला लागली, शेवटी ओकून पडलं तेव्हा जीव मोकळा झाला. तेव्हापासून घाबरून तुम्ही खिचडी आणि चहा-बिस्किटावर आहात. हॉस्पिटलच्या चार्टवर "आठव्या आठवड्यापासून नॉर्मल जेवण" असं लिहिलंय आणि ओळखीतल्या एका बाईंनी सांगितलंय की हे ऑपरेशन झालेल्यांनी कच्चं काही आयुष्यात खायचं नाही. खरं कुणाचं, आणि भाकरीचं काय, असं विचारलंत.

दोघांचंही अर्धंच. मी १४ वर्षं वजनाच्या ऑपरेशनवाल्या पेशंटचंच खाणंपिणं बघतेय आणि हा प्रश्न महिन्यातून दहा वेळा तरी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा (बिस्कीट नको, त्याचं पुढे सांगते).

आधी हे समजून घ्या की अडकलं का. आपलं धडधाकट जठर म्हणजे नुसती पिशवी नाही, त्याचा खालचा भाग अन्न घुसळून घुसळून दळतो आणि साधारण १-२ मिलिमीटरचे कण झाले की मगच पुढे आतड्यात सोडतो. तुम्ही आधी गाजर कसंही चार चावे मारून गिळत होतात तरी चालायचं कारण राहिलेलं काम खाली व्हायचं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण भाग किंवा थोडा जास्तच काढून टाकतात, उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी, १०० ते १५० मिली मावेल एवढी, म्हणजे चहाचा एक कप. त्या नळीत घुसळायला पूर्वीसारखी जागाच नाही. बायपासवाल्यांचं (हृदयाचं नाही, वजनाचंच दुसरं ऑपरेशन) अजून वेगळं, त्यांची वरची पिशवी सुरुवातीला ३० मिलीच्या आसपास म्हणजे दोन मोठे चमचे, दळणारा भाग पूर्ण वळसा घालून बाजूला पडलेला, आणि आतड्याला जोडलेलं नवीन तोंड करंगळीएवढं. आता कच्च्या गाजराचं बघा, त्याच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिनमुळे, शिजवलं की ते विरघळतं आणि गाजर बोटानी दाबलं तरी मोडतं. कच्च्यात ते तसंच घट्ट असतं, आणि त्यातला चोथा माणसाच्या पोटात कुठल्याच रसानी विरघळत नाही. म्हणजे त्याला बारीक करणारी एकच गोष्ट तुमच्याकडे उरली, दाढा. जातं पोटातून तोंडात आलंय असं मी पेशंटना सांगते.

आणि गाजर किसलेलं होतं ना, तिथेच बऱ्याच जणांची फसगत होते. किसलंय म्हणजे बारीकच आहे असं वाटून आपण ते चावतच नाही, दह्याबरोबर सुळकन गिळतो, आणि ते लांब लांब धागे खाली जाऊन एकमेकांत गुंतून त्याचा बोळा होतो. त्यापेक्षा चोचवलेली काकडी सोपी, हे अनुभवानी सांगते.

माझ्या ओपीडीत एक स्टीलचा डबा असतो, त्यात काकडीच्या चकत्या, वाफवलेलं गाजर, कच्चं गाजर आणि दोन शिजवलेल्या गवारीच्या शेंगा. नवीन पेशंट सॉलिडवर यायच्या बेताला आला की मी त्याला गाजराचा तुकडा देते, नेहमीसारखं चावा म्हणते आणि गिळायच्या क्षणी बशीत थुंकायला लावते. लोकांना आधी कसंतरी वाटतं, पण बशीत बघितलं की गप्प होतात, कारण दहा वेळा चावलेल्या गाजरात तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे सरळ दिसतात. मग २५-३० वेळा चावायला लावते, तेव्हा ते ओल्या चटणीसारखं होतं, तसं झालं की गिळायचं. गवार मात्र ४० वेळा चावली तरी बशीत दोरे दिसतातच. एक काका होते, बायपास होऊन तीन महिने झालेले, काही म्हणजे काही जात नव्हतं, घरचे म्हणत होते ऑपरेशन बिघडलं, स्कोपी म्हणजे दुर्बिणीची तपासणी करायची वगैरे चर्चा चालू होती, आणि बशीत बघितलं तर तुकडा जवळपास अख्खाच. म्हटलं काका हे काय, तर म्हणाले "मॅडम, मागच्या दाढाच नाहीत हो माझ्या, दोन्ही बाजूंच्या." आठ-दहा वर्षांपूर्वी काढलेल्या, कवळी करून घेतलेली पण ती कपाटात. आधी दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं. तेव्हापासून मी पहिल्याच व्हिजिटला तोंड उघडायला लावते.

आता कधी ते सांगते. सगळीकडे दोन-चार दिवसांचा फरक असतो पण साधारण क्रम असा की पहिले दोन आठवडे पातळ, मग चौथ्या आठवड्यापर्यंत मिक्सरमधून काढलेलं, मग सहा-आठ आठवड्यांपर्यंत मऊ चमच्यानी मोडेल असं, आणि त्यानंतर हळूहळू सॉलिड. कच्चं सगळ्यात शेवटी, दोन ते तीन महिन्यांच्या मध्ये कधीतरी. तुमच्या चार्टवरचा आठवा आठवडा म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल नाही की त्या दिवशी गाडीत बसलंच पाहिजे, त्याच्या आधी नाही एवढाच त्याचा अर्थ. आणि तुमच्या सर्जननी काही कारणानी वेगळं सांगितलं असेल, टाक्यांना त्रास झाला होता, टाक्यांतून लीक म्हणजे गळती झाली होती, तर त्यांचंच ऐकायचं, माझं नाही.

हे माझ्याकडून पण चुकलंय, लपवत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी चार्ट बाहेरच्या इंग्रजी चार्टवरून उचललेला, त्यात सहाव्या आठवड्यानंतर चक्क "सॅलड" असं लिहिलेलं. एका पेशंटनी वाडगाभर गाजर-कोबी कच्चा खाल्ला, "मॅडमनी लिहिलंय" म्हणून मन लावून. दोन दिवस उलट्या, ॲडमिट, सलाईन. त्या बाईंची काही चूक नव्हती, सॅलड म्हटलं की वाडगाच डोळ्यासमोर येतो. आपल्याकडे कच्चं वाडगाभर खायची पद्धतच नाही, पानावर डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी आणि त्याच्या खाली चमचाभर कोशिंबीर, एवढंच. भाजी, उसळ, आमटी उजवीकडे. तर मी आता चार्टवर सॅलड हा शब्द लिहीतच नाही, "कोशिंबीर, डाव्या बाजूला वाढतात तेवढी" असं लिहिते. आणि डावी बाजू उघडायच्या आधी उजवी बाजू नीट जमली पाहिजे हा माझा नियम.

उजवी बाजू म्हणजे काय तर प्रोटीन आणि शिजवलेली भाजी. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन पाहिजे. एका अंड्यात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये साधारण ९, घट्ट वरणाच्या वाटीत पाच-सहा, म्हणजे बघा किती ओढाताण आहे. त्यात काकडीत ९५ टक्के पाणी. कपभर जागेच्या पोटात अर्धी वाटी काकडी गेली की त्या जेवणातलं अंडं किंवा मासा बाहेर राहिला. काकडी वाईट नाही हो, पण तिला जागा नंतर. ज्यांचं प्रोटीन होत नाही त्यांचे केस तीन ते सहा महिन्यांत हातात येतात आणि मग आम्हाला फोन येतात. थोडे तसेही जातातच, भराभर वजन उतरल्यामुळे, पण हे वरून.

तर माझी परीक्षा अशी आहे: सलग दोन आठवडे उलटी न होता, फेस न येता अंडं, मऊ शिजलेला मासा किंवा पनीर, दुधी किंवा लाल भोपळ्याची भाजी आणि भिजवलेली भाकरी जात असेल तर कच्च्याकडे वळायचं. आठवडा कितवा ते त्यानंतर.

भाकरीचं विचारलंत. लोकांना वाटतं गरम मऊ पोळी सगळ्यात सोपी, आणि मी नेमकी तीच शेवटी देते. गव्हाच्या कणकेचा तोंडात आणि खाली जाऊन परत गोळाच होतो, पावाचं तर विचारूच नका, ताजा लुसलुशीत पाव हा अडकण्यात नंबर एक. मोकळा कोरडा भात पण बऱ्याच जणांना छातीत बसतो. ज्वारीची भाकरी त्या मानानी भुरभुरीत असते, तिचा चतकोर आमटीत किंवा घट्ट वरणात पाच मिनिटं कुस्करून ठेवा आणि मग खा, जाते. पोळी खायचीच तर कडक भाजून, खाकऱ्यासारखी, चावून खा. चिकनचा सुका तुकडा, त्यात परत कालचा गरम केलेला, हा दोन नंबर, खायचं तर रश्शातला मांडीचा तुकडा बारीक करून खा. मऊ म्हणजे सोपं असा हिशोब या पोटात चालत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या उलट्या टळतील.

मधली पायरी आपल्या स्वयंपाकात तयारच आहे आणि कुणी वापरत नाही याचं मला नवल वाटतं. भरीत! लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, वांग्याचं भरीत (साल आणि बिया काढून), उकडलेल्या बीटाची कोशिंबीर, वाफवलेलं गाजर कुस्करून दह्यात. चव सगळी कोशिंबिरीची, वरून जिरं-हिंगाची फोडणी, आणि आत सगळं शिजलेलं. तुम्ही उद्यापासून हे सुरू करू शकता, म्हणजे जर आज खिचडी नीट जात असेल तर. दोन चमचे, दोन आठवडे.

त्यानंतर पहिलं खरं कच्चं म्हणजे काकडी, सोलून, मधोमध चिरून बियांचा गर चमच्यानी काढून टाकायचा आणि मग चोचवायची, किसायची नाही. घट्ट दही, अगदी बारीक केलेलं दाण्याचं कूट अर्धा चमचा चालेल, साखर नको. दोन छोटे चमचे फक्त, आणि तेही निम्मं प्रोटीन पोटात गेल्यावर. दुपारच्या जेवणात, घरी, गडबड नसताना. रात्री नको कारण अडकलं तर झोपायचे वांधे, आणि लग्नाकार्यात पंगतीत तर मुळीच नको, तिथे बोलत बोलत जेवतो आणि आग्रह चालू असतो. तीन दिवस तीच काकडी, दुसरं नवीन काही नाही, म्हणजे बिघडलं तर कशानी बिघडलं ते कळतं. मग टोमॅटो, गरम पाण्यात मिनिटभर टाकून साल काढून (टोमॅटो, ढोबळी मिरची, द्राक्षं आणि मक्याचे दाणे यांचं साल कागदासारखं तसंच राहतं). मग गाजर, पण मिक्सरला फिरवून भुगा केलेलं. कांदा, कोबी, मुळा हे तीन-चार महिन्यांनंतर, ते अडकतात म्हणून नाही एवढं, गॅस होतो आणि त्या छोट्याशा नळीत गॅस झाला की हार्ट अटॅक आला की काय असं वाटतं लोकांना. मोड आलेले मूग-मटकी कच्चे नकोतच, वाफवून घ्या.

काही गोष्टी मी सहा महिने तरी बंदच ठेवते: ऊस चघळणं, शेवग्याच्या शेंगा, ओल्या खोबऱ्याचे काप, गवारीचे दोरे, संत्र्याची फोड सालीसकट. संत्रं खायचं तर फोडीचं पातळ साल आणि पांढरे धागे काढून नुसता गर. कारण असा चोथा साठून साठून पोटात त्याचा घट्ट गोळा बनू शकतो, फार कमी वेळा होतं, पण झालं की दुर्बिणीनी तो फोडून काढावा लागतो आणि खाली आतड्यात सरकून अडकला तर ऑपरेशनपर्यंत जातं. मागे हुरडा पार्टीला गेलेल्या एकांनी हुरडाही खाल्ला आणि ऊसही, संध्याकाळी माझा फोन वाजला. नशीब चोवीस तासांत मोकळं झालं.

धुण्याबद्दल एकच सांगते. पोटातलं ॲसिड हा जंतूंवरचा पहिला पहारेकरी, तुमचं ते कमी झालंय आणि वर ॲसिड दाबायची गोळी चालू असणार. तेव्हा बाहेर चिरून ठेवलेली काकडी, हातगाडीवरची मीठ-मसाला लावलेली, हॉटेलात जेवणाआधी आणून ठेवतात ती कांदा-लिंबू-काकडीची प्लेट, हे सगळं नको. घरी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, सोला. पावसाळ्यात कच्ची पालेभाजी, मेथीचा घोळाणा वगैरे सोडूनच द्या यंदा.

अडकतंय हे शरीर आधी सांगतं पण आपण ऐकत नाही. अचानक नाक वाहायला लागतं, एक उचकी येते, शिंक येते, छातीच्या हाडामागे दाब वाटतो. प्रत्येकाची खूण वेगळी पण बहुतेकांना यातली एक असतेच, आणि ती आली की चमचा खाली. त्यानंतरचा "एवढा एकच घास" असतो ना तोच ओकायला लावतो. अडकलंच तर वरून पाणी पिऊन ढकलायला जाऊ नका, नळी आधीच बंद आहे, पाणी वरच साठतं आणि जास्त दुखतं. सोडा, इनो तर नकोच. उठून सावकाश फेऱ्या मारा, लाळ थुंकत रहा. मोकळं झालं की तो दिवस पातळावर आणि दुसऱ्या दिवशी मऊ, मग परत मागच्या पायरीवर. एरवी पण जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही, ते तुम्हाला सांगितलेलं असेलच, पण कोशिंबिरीतलं पातळ दही हेही पाणीच, म्हणून घट्ट म्हटलं.

आता बिस्किटाचं. खरं सांगू का ताई, तुमच्या गाजरापेक्षा मला या खिचडी-बिस्किटाची जास्त काळजी वाटते. एकदा अडकलं की माणूस घाबरतो आणि जे सरकतं तेच खायला लागतो, चहात बुडवलेलं बिस्कीट, मऊ खिचडी, आइस्क्रीम, शेव, वेफर्स. हे सगळं तोंडात विरघळतं, नळीतून घसरून जातं, पोट भरल्याचं कळतच नाही, आणि तासाभरानी परत भूक. ऑपरेशनचा एक मोठा उपयोग घट्ट अन्न थोडा वेळ थांबून पोट भरल्याची जाणीव देतं यात आहे. चार-पाच महिने याच्यावर राहिलेल्यांचं वजन अडकलेलं मी बघितलंय, आणि ते म्हणतात आम्ही तर काहीच खात नाही! खोटं बोलत नाहीत ते, त्यांना तसंच वाटतं. तेव्हा कच्चं लांबवा पण सॉलिड लांबवू नका. उद्या सकाळी बिस्किटाच्या जागी मऊ ऑम्लेट, छोटा चमचा, २० मिनिटं. अंडं खात नसाल तर पनीरची भुर्जी, ओलसर ठेवलेली.

आणि हे जरा गंभीरपणे वाचा. एकदा कोशिंबीर अडकणं वेगळं आणि रोज उलटी होणं वेगळं. दोन-तीन दिवस उलट्या चालूच आहेत, आधी सॉलिड जायचं ते आता पातळही राहत नाही, लघवी गडद आणि कमी झालीय, तर "मी नीट चावलं नसेल" म्हणून घरी बसू नका. नळी वाकते तिथे, किंवा बायपासमध्ये जोडाच्या जागी, अरुंदपणा येऊ शकतो आणि तो पहिल्या काही आठवडे-महिन्यांतच दिसतो, दुर्बीण घालून फुग्यानी रुंद करता येतो. शिवाय सारख्या उलट्यांमध्ये शरीरातला बी-१ (जीवनसत्त्व) दोन-तीन आठवड्यांत संपतो. डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि तिथे जे असतील त्यांना आधी सांगायचं की वजनाचं ऑपरेशन झालंय, इतके दिवस उलट्या आहेत, ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी बी-१ द्या. गावाकडच्या छोट्या दवाखान्यात उलटी म्हटलं की पहिली ग्लुकोजचीच बाटली लागते, म्हणून घरच्यांनाही हे पाठ करून ठेवायला लावा. ताप, छातीत धडधड आणि पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं असेल तर फोन करत बसू नका, निघा.

तुमच्या वर्णनावरून तसं काही वाटत नाही, एकदाच झालं आणि मोकळं झालं. तरी सर्जनच्या फॉलोअपला हे सांगाच.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा: मागच्या दाढा सगळ्या आहेत का, जेवायला किती मिनिटं लागतात (घड्याळ लावून, अंदाजानी नको), आणि चहा जेवणानंतर लगेच घेता का. बाकी ते उरलेलं गाजर टाकू नका, कुकरला एक शिट्टी द्या आणि दह्यात कालवा.